दया नको, पदार्थांची यादी हवी

‘यांना काय आणू?’ उपाहारगृहात अंध ग्राहक आला की हा प्रश्न त्याला नव्हे, त्याच्या सोबत्याला विचारला जातो. भूक त्याची, पैसे त्याचे. निवड मात्र दुसऱ्याची! हा केवळ सौजन्याचा अभाव नव्हे, हा नागरिकत्वाचा अवमान आहे.

दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवणाऱ्या या देशात संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांची दारे सर्वांना खुली केली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडविता येणार नाही, असे त्याने बजावले. अपंगत्व त्यात नमूद नाही. ती उणीव २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने भरून काढली. सेवा देणाऱ्या खाजगी व्यवसायांनाही सुगम्यतेचे नियम लागू झाले. २०१७ साली नियम आले, पालनाची दोन वर्षांची मुदत २०१९ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नियमांतील सुगम्यतेची तरतूद शिफारशीवजा म्हणून कायद्याशी विसंगत ठरविली आणि बंधनकारक निकष करण्याचा आदेश सरकारला दिला.

मालकवर्ग विचारील, खर्च कोणी सोसायचा? साध्या खाणावळीतील वाढपी आज काय काय आहे ते घडाघडा म्हणून दाखवीत आला आहे. त्याला कोणता खर्च आला? उलट २०२० च्या साथीनंतर टेबलांवर क्यूआर कोडचे चौकोन चिकटले. न दिसणाऱ्याने तो चौकोन शोधायचा कसा? शोधलाच, तरी त्यामागे यादीचे नुसते छायाचित्र असेल तर मोबाइलमधील स्क्रीन रीडर अनेकदा मुकाच राहतो. आधुनिकतेच्या नावाखाली होती ती सोयही गेली.

आमच्या मागण्या साध्या आहेत. यादी दरांसह वाचून दाखवावी. मोबाइलवरील यादी स्क्रीन रीडरला वाचता यावी. ब्रेल प्रत अवश्य ठेवावी. परंतु प्रत्येक अंधास ब्रेल येतेच असे नाही, म्हणून तेवढ्यावर हात झटकू नयेत. ताट मांडताना वाटी कोठे, गरम काय, हे सांगावे. बिलाचा तपशीलही वाचावा.

मात्र हा भार वाढप्याच्या माथी मारणे आम्हांस मंजूर नाही. दहा टेबलांमागे एकटा धावणारा कामगार कोणाला निवांत यादी वाचून दाखविणार? माणसे वाढवा, त्यांना शिकवा. ती जबाबदारी नफा घेणाऱ्याची आहे. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या खेपेस दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कागदावर कुजू देऊ नये.

अंध माणूस उपाहारगृहात भिक्षा मागावयास येत नाही. तो दाम मोजून जेवावयास येतो.