सुरत सगळे सांगतात, पट्टा किल्ला कोण सांगणार?



बिझनेसच्या व्हिडिओत शिवाजी महाराजांचं उदाहरण आलं की सुरत येतेच. जानेवारी १६६४. आधी बहिर्जी नाईकांनी शहराची खबर काढली, मग स्वारी झाली. ‘आधी मार्केट बघा’ हे सांगायला उदाहरण चांगलंच आहे. पण माझं मत विचाराल तर नवीन धंदेवाल्यानं बहिर्जींकडून शिकायची मोठी गोष्ट सुरतेत नाही. ती आपल्याच भागात आहे.

नोव्हेंबर १६७९. महाराजांच्या फौजेनं मोगलांच्या मुलखातलं जालना लुटलं. चार दिवस लूट चालली. काम फत्ते झालं, पण घरी पोचायचं बाकी होतं. लुटीच्या ओझ्यानं चाल मंदावलेली, आणि संगमनेरच्या बाजूला रणमस्तखानानं गाठलं. लढाई झाली, सिधोजी निंबाळकर कामी आले. मागून मोगलांची आणखी फौज येत होती. तेव्हा बहिर्जींनी मोगलांना माहीत नसलेल्या आडवाटेनं सगळ्यांना बाहेर काढलं. सभासद बखर सांगते की तीन दिवस-रात्र चालून फौज पट्टा किल्ल्यावर पोचली. महाराज तिथं विसावले, म्हणून त्याचं नाव पडलं विश्रामगड. आजच्या अकोले तालुक्यात आहे तो.

आता नकाशा काढा आणि जालना ते संगमनेर सरळ रेघ मारा. ती आपल्या वैजापूरच्या दक्षिणेकडून, गोदाकाठाच्या आसपासनं जाते. हा मुलूख तुम्हाला माहितीये, सगळा उघडा. इथं मागे शत्रू लागल्यावर वाट शोधत बसायला वेळ नसतो. ती वाट कुणीतरी आधी पायाखाली घातलेली असणार. पाणी कुठं, उतार कुठं, चढ कुठं, सगळं डोक्यात असणार.

धंद्यात जायची वाट सगळे दाखवतात. कर्ज कसं मिळतं, उद्यम रजिस्ट्रेशन, शॉप ॲक्ट, उद्घाटनाचा बॅनर. व्ह्यू पण त्यालाच मिळतात. धंदा नाही चालला तर बाहेर कसं पडायचं, हे कुणी सांगत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, “मुहूर्ताआधीच अपशकुन कशाला?” अहो, बहिर्जींना परतीची वाट माहीत होती म्हणून ते भित्रे होते का? उलट ज्याला बाहेरची वाट माहीत नसते, तोच घाबरून पैसे ओतत जातो. आधी स्वतःची बचत, मग वडिलांचं पीककर्ज, मग बायकोचे दागिने. दुकान बंद पडणं हे नुकसान आहे, पण त्यातून माणूस उभा राहतो. दुकानासोबत घर गेलं तर उठायला दहा वर्षं लागतात.

म्हणून डिपॉझिट द्यायच्या आधी एका कागदावर एवढं लिहा:

१. गाळा: डिपॉझिट परत कधी मिळणार? लॉक-इन किती महिने? नोटीस किती दिवसांची? सगळं करारात लेखी पाहिजे, तोंडी नको.

२. माल: न खपलेला माल होलसेलवाला परत घेतो का? एक्स्पायरीचा बदलून देतो का? पडून राहिलेला माल म्हणजे तेच ओझं, ज्यानं चाल मंदावते.

३. सामान: रॅक, काउंटर, फ्रीझर जुने म्हणून कितीला जातील, ते आजच विचारून ठेवा. पीओपीचं सीलिंग मात्र उचलून नेता येत नाही. त्यात पैसे घालताना दहादा विचार करा.

४. आकडा: किती महिने आणि जास्तीत जास्त किती रुपये? हा आकडा घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे नंतर तुम्हाला तो गुपचूप वाढवता येणार नाही.

आणि ही माहिती घरी बसून मोबाईलवर गोळा करू नका. समृद्धी महामार्गाचंच बघा. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तो आपल्या तालुक्यातून जातो, म्हणून गिऱ्हाईक वाढणार असं मानून गाळा घ्यायला निघालात, तर आधी थांबा. त्या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येतं. सुसाट जाणारी गाडी तुमचं गिऱ्हाईक नाही, उतरून थांबणारी आहे. ती किती आणि कधी थांबते, हे नकाशात दिसत नाही. बाजाराच्या दिवशी एकदा आणि आडवारी एकदा, वही घेऊन तिथं उभं राहावं लागतं.

सुरत गाठायची हिंमत तुमच्यात आहे, त्याबद्दल मला शंका नाही. फक्त निघण्याआधी आपला पट्टा किल्ला कुठला, ते ठरवा. तो कागद भरला, की मग खुशाल डिपॉझिटचा चेक फाडा.