‘कळवतो’ म्हणणाऱ्यांनी कळवावे!

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये मुलाखत देऊन आलेल्या तरुणाला विचारा, काय झाले? बहुतेकदा उत्तर ठरलेले असते : ‘कळवतो म्हणाले.’ पुढे ना फोन, ना ई-मेल. मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले वाकड-मारुंजीच्या कॉटबेसिसवर दिवस मोजत बसतात. दुसरी नोकरी धरावी की थांबावे, हेही ठरत नाही. खोलीचे भाडे मात्र थांबत नाही.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे काय? मुळीच नाही. नकारच कळवला नाही, तर कारण विचारायचे कोणाला? या मौनाआड जातही सहज लपते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आठवावा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. सवर्ण नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले! त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात दिसले की, उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे मनुष्यबळ अधिकाऱ्यांना स्वाभाविक वाटते. बापाचा धंदा विचारला की जात वेगळी विचारावी लागत नाही.

सरकारी नोकरीत संविधानाचे कलम १६ आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. खाजगी कंपनीच्या दारात ही दोन्ही हत्यारे बोथट ठरतात. पण हे पार्क उभे आहे ते एमआयडीसीने वसवलेल्या भूमीवर. सार्वजनिक साधने घ्यायची आणि उत्तरदायित्व नाकारायचे, हा कुठला न्याय?

हे अशक्य आहे असेही नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर निवडीचा निर्णय झाला की नाही, हे ४५ दिवसांत उमेदवाराला कळवणे बंधनकारक आहे. कारण सांगण्याची सक्ती मात्र तिथेही नाही. आपल्याकडे जातीचे वास्तव पाहता तेवढ्यावर भागणार नाही.

म्हणून महाराष्ट्र सरकारने नियम करावा : ठरावीक मुदतीत लेखी निर्णय, नकाराचे कारण आणि किती जणांच्या मुलाखती झाल्या व कोणत्या समाजघटकातून किती निवडले, याची नोंद. गुणवत्तेवरच निवड होत असेल, तर कंपन्यांनी नोंदीला भ्यावे कशाला? आमच्या मुलांना दया नको, उत्तर हवे!