अस्थींची जबानी

पंजाबातील अजनाला येथे २०१४ साली एका जुन्या विहिरीतून मानवी अस्थींचा ढीग निघाला. १८५७ साली तेथे २८२ शिपायांचा अंत झाल्याची नोंद अमृतसरचा तत्कालीन उपायुक्त फ्रेडरिक कूपर यानेच करून ठेवली होती. तथापि हे मृत १९४७ च्या फाळणीतील असावेत, असेही कित्येकांचे मत होते. हा वाद अखेर दातांनी मिटविला. बालपणी प्यालेल्या पाण्याची खूण दाताच्या कठीण कवचात आजन्म टिकते. ती खूण व डीएनए तपासून हे लोक पंजाबचे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातील होत, असा निष्कर्ष संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. बंगाल सैन्याची शिपाईभरती मुख्यतः तिकडचीच!

परंतु विहीर उपसली गेली ती तज्ज्ञांविना, केवळ देशभक्तीच्या उत्साहात. पुष्कळ हाडे भंगली, एकमेकांत मिसळली. कोणते हाड कोणाचे, हे ठरविणे दुष्कर झाले. कमरेच्या व कवटीच्या हाडांवरून स्त्री-पुरुष, वय, आघात हे सारे कळते. पण हाड शाबूत असेल तरच. हुतात्म्यांना वंदन अवश्य करावे. मात्र आधी त्यांची जबानी नोंदवावी. कुदळ उचलण्यापूर्वी तज्ज्ञास पाचारण करणे, हीच त्यांना खरी श्रद्धांजली होय.