जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सहाय्य बंद केले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागते. बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडच्या अभ्यासिकांत कुणीतरी वापरून दिलेले जे लॅपटॉप असतात, त्यातले बरेच या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी म्हातारे! ऊसतोडीवर जाणाऱ्या आईबापांच्या पोराने महाडीबीटीचा अर्ज मग कशावर भरायचा?

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते, ४ असेल तर बरे. ती मोफत आहे, लिबरऑफिस सोबत येते, मराठी युनिकोड टायपिंगही होते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, फायली दुसरीकडे ठेवा, मगच बसवा. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तर मात्र यंत्र अडखळणारच.

खरी अडचण वेगळीच आहे. नोकरीच्या जाहिरातीत एक्सेल मागतात, लिबरऑफिस नाही. म्हणून वर्गणी जमली तर अभ्यासिकेत एक विंडोज ११ चा संगणक सरावाला घ्या, बाकीचे मिंटवर न्या. अपडेट न मिळणाऱ्या विंडोज १० वर आधार, बँक आणि शिष्यवृत्तीची कामे करणे मात्र आजच थांबवा.