भायलो कोण, हे कोणत्या तारखेने ठरवायचे?

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचा कल मात्र विलीनीकरणाकडे होता, आणि त्यात आश्चर्य काही नव्हते. सोयरीक बांदा-सावंतवाडीकडची, जत्रेतले दशावतार तिकडचे, शिक्षण मराठीतले. एकूण कौल वेगळा लागला, तो या दोन्ही तालुक्यांनी मान्य केला आणि गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व टिकले, हे चांगलेच झाले. पण फरक होता अवघा ३४,०२१ मतांचा. सतरा हजारांच्या आसपास मतदारांनी दुसऱ्या बाजूला शिक्का मारला असता, तर दोडामार्गहून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा मुलगा आणि सातार्ड्याहून मोपा विमानतळावर ड्युटीला येणारी मुलगी आज आपल्याच राज्यातली ठरली असती. आज ती बिगर गोमंतकीय आहेत. आपला आणि परका यांच्यातली रेघ इतक्या थोडक्या मतांनी इकडची तिकडे होऊ शकत होती, हे परप्रांतीयांविषयी बोलताना निदान या दोन तालुक्यांनी तरी विसरू नये.

ही रेघ आता कायद्याने पक्की करावी, अशी मागणी जोर धरते आहे. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाने २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत नऊ टक्क्यांहून अधिक मते आणि एक आमदार मिळवला तो मूळ गोमंतकीय कोण हे ठरवणाऱ्या ‘पोगो’ विधेयकाच्या आश्वासनावर. त्या विधेयकाचा गाभा असा की मुक्तीपूर्वी, म्हणजे डिसेंबर १९६१ पूर्वी, ज्याचे पूर्वज गोव्यात होते तो गोमंतकीय, आणि सवलतींवर पहिला हक्क त्याचा. या मागणीमागची अस्वस्थता खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे गेली होती, मुक्तीच्या वेळच्या दुपटीपेक्षा जास्त. पेडणे तालुका तेव्हा सुमारे ७६ हजारांचा, डिचोली सुमारे ९८ हजारांचा. एवढ्या लहान वस्तीत विमानतळ येतो, डोंगर कापले जातात, घरभाडी वाढतात, पाण्याची ओरड होते, तेव्हा माणसाला आपले गाव हातातून निसटल्यासारखे वाटणारच. माझा आक्षेप या भावनेला नाही. ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, या एका शब्दाखाली आपण अगदी वेगवेगळी माणसे एकत्र बांधली आहेत, आणि राग नेमका त्यातल्या सर्वांत दुबळ्यावर निघतो, हा माझा आक्षेप आहे. जीव वाचवायला पळून आलेला, पोटासाठी आलेला आणि पैसा घेऊन जमीन घ्यायला आलेला, या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिघांसाठी वेगळा कायदा लागतो आणि तिघांशी वेगळे वागावे लागते.

जीव वाचवायला येणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण गोव्याला त्याचा अनुभव कोणाहीपेक्षा जुना आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातील तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतून माणसे परागंदा झाली आणि त्यांनी आपले देवही बरोबर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. दिवाडी बेटावरचे श्री सप्तकोटेश्वराचे लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला नार्व्याला आले. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे मंदिर उभे राहिले. म्हणजे डिचोली तालुक्यातले सर्वांत मानाचे देवस्थान हेच मुळी आश्रयाला आलेले आहे. पेडणे तर १७८८ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधीच्या पिढ्यांसाठी तेरेखोलच्या पलीकडचा मुलूख परका नव्हताच. पोर्तुगीज सत्तेच्या शेवटच्या वर्षांत गोव्यातले स्वातंत्र्यसैनिक बेळगाव, सावंतवाडी, मुंबई इथे आसरा घेऊन लढले. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, पोर्तुगीजांच्या गोळीला जे सत्याग्रही बळी पडले, त्यांत पंजाबचे कर्नेलसिंग होते. त्यांचा एकही पूर्वज डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात राहिलेला नव्हता. जी तारीख त्यांच्यासारख्यांच्या रक्तामुळे इतिहासात आली, तिच्याच आधारे पंजाब्याला, बिहाऱ्याला, कन्नडिग्याला परके ठरवायचे, हे मला पटत नाही.

आपलीच माणसे जेव्हा दुसऱ्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा काय घडले, तेही पाहावे. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांत कंपाला आणि एंटेबीच्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत पिढ्यानपिढ्या नोकरी केलेले गोमंतकीय होते. कोणाकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, कोणाकडे युगांडाचा, आणि कितीतरी जण असे की ज्यांचे नागरिकत्वाचे कागद अमीनच्या कारकुनांनी एका फटक्यात बाद केले. ते कुठल्याच देशाचे उरले नाहीत. त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युरोपातील छावण्यांत नेऊन ठेवावे लागले. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगर परिषदेने त्या वेळी युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली: आमच्याकडे घरे, शाळा, आरोग्यसेवा यांवर आधीच ताण आहे, इकडे येऊ नका. ती जाहिरात आज वाचली तर आपल्या एखाद्या ग्रामसभेतला ठराव वाटेल. तक्रार साफ खोटी नव्हती, ताण होताच. तरीही ब्रिटनने २७ हजारांहून अधिक माणसे घेतली, कॅनडाने काही हजार घेतली, आणि लेस्टरमध्ये जे गेले त्यांनी ओस पडू लागलेल्या रस्त्यांवर दुकाने आणि कारखाने उभे केले. आज दिवाळीच्या रोषणाईसाठी ते शहर ओळखले जाते. पुढे पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे हजारो गोमंतकीय स्विंडन आणि साउथॉलला जाऊन राहिले. २०१६ च्या सार्वमतात स्विंडनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा आपल्या गावोगावच्या घरांत काळजी पसरली होती. तिकडे आपल्या मुलांना तिथल्या लोकांनी कामावरून आणि वागणुकीवरून ओळखावे, अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा इथल्या ओडिशाच्या खलाशाची आणि कर्नाटकातल्या लमाण्यांची आहे.

यावर पहिले उत्तर येते ते जमिनीचे. गोवा लहान आहे, सगळ्यांना सामावून घेण्याची त्याची ताकद नाही. हे खरे आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादातला हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. पण पेडण्यातल्या जमिनीचे काय होते आहे ते बघा. २०२३ मध्ये तालुक्याचा विभागीय आराखडा जाहीर झाला. शेती, बागायत, डोंगरउतार बांधकामाला मोकळे होणार हे दिसताच लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. तो आराखडा भाड्याच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या गवंड्याने तयार केला नव्हता. नगर नियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९-अ या कलमांनी भूखंडांचे झोन बदलले गेले ते मजुरांच्या अर्जावर नव्हे. मांद्रे, मोरजी, हरमल इथल्या जमिनी दिल्ली-मुंबईच्या पैशाने घेतल्या जातात, आणि त्या विकणारे, दलाली करणारे, शिक्का मारणारे बहुतांशी गोमंतकीयच असतात, अगदी १९६१ पूर्वीचे. ‘पोगो’ लागू झाले तरी झोन बदलणारा हात तोच राहील. पेडण्याच्या लोकांनी तो आराखडा हाणून पाडला तेव्हा त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते. त्या आंदोलनात कोणाची जन्मतारीख विचारावी लागली नाही. गावाची जमीन राखायची असेल तर लढाई तिथेच आहे.

दुसरे उत्तर गुन्ह्यांचे. साखळीचे आमदार आणि राज्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३ च्या कामगार दिनी सांगितले की गोव्यातले ९० टक्के गुन्हे परप्रांतीय मजूर करतात, आणि बिहार-उत्तर प्रदेशचा उल्लेख केला. बिहारमधून त्यावर जोरदार टीका झाली. हा आकडा कुठून आला, अटक झालेल्यांचा की दोषी ठरलेल्यांचा, त्यात पर्यटक किती आणि मजूर किती, हे सांगितल्याशिवाय तो पुरावा ठरत नाही. कामासाठी येणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त असतात, आणि जगात कुठेही गुन्ह्यांच्या नोंदीत याच वयाच्या पुरुषांचा वाटा मोठा असतो. त्याची तुलना आजी-आजोबा, लेकी-सुना असलेल्या स्थानिक वस्तीशी करणे गणिताला धरून नाही. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. भाडेकरूंची पडताळणी करावी, त्यासाठी कायदाही झाला आहे. पण घरमालक भाड्याच्या लोभाने नोंद लपवतो आणि ठेकेदार मजुराचे नाव कुठेच लावत नाही, तोवर पोलिसांना माणूस सापडणार कसा? आंतरराज्य कामगारांची नोंद ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक करणारा कायदा देशात १९७९ मध्येच झाला. २०२० च्या टाळेबंदीत मजूर श्रमिक गाड्यांनी निघून गेले, बांधकामे थांबली, पावसाळ्यानंतर खलाशांअभावी ट्रॉलर जेटीला बांधून राहिले. ही माणसे आपल्याला हवी आहेत, फक्त त्यांची नावे कुठे लिहिली जाऊ नयेत, हा व्यवहार आपण बंद केला पाहिजे.

तिसरा आक्षेप देशाच्या सुरक्षेचा: बांगलादेशी घुसखोरांचे काय? बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार देशाला आहे, यात वाद नाही. म्हापशात त्यासाठी २०१९ पासून स्थानबद्धता केंद्र आहे. प्रश्न आहे तो परकी कोण आणि भारतीय कोण हे ठरवायचे कसे याचा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलून देण्यात आले, आणि ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर परत आणावे लागले. बंगाली बोलणे हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. भाषेवरून परका ठरवण्याची पद्धत रूढ झाली तर ती बंगाल्यांपाशी थांबणार नाही, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आणि कागद नसण्याचे दुःख काय असते, ते डिचोलीतल्या मये गावाला विचारावे. तिथली पोर्तुगीज काळातली जहागीर मुक्तीनंतर निर्वासित मालमत्ता ठरली, १९६४ च्या कायद्याखाली सरकारच्या ताब्यात गेली, आणि तिथे पिढ्यानपिढ्या घाम गाळणारे गावकरी अर्धशतक स्वतःच्याच घराचे मालक नव्हते. घर दुरुस्त करायला परवाना नाही, कर्जाला तारण नाही. २०१४ मध्ये कायदा करून त्यांच्या हक्काची वाट मोकळी करावी लागली. मयेचे लोक परके कधीच नव्हते. नव्हता तो कागद. म्हणून कागद नाही एवढ्यावरून माणसाचा निकाल लावू नये, त्याला बोलायची संधी द्यावी, एवढे तरी या तालुक्याने ठामपणे म्हणावे.

निर्वासितांच्या बाबतीत तर आपल्याकडे कायदाच नाही. १९५१ च्या जिनिव्हा कराराला भारताने संमती दिलेली नाही, १९६७ च्या पूरक करारालाही नाही. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, चकमा, अफगाण, रोहिंग्या, प्रत्येकासाठी सरकारचा वेगळा न्याय, आणि तोही त्या त्या वेळच्या राजकारणावर अवलंबून. २०२५ चा नवा परदेशी नागरिक कायदासुद्धा आश्रय मागणाऱ्याचा अर्ज कोणी, कसा आणि किती दिवसांत तपासायचा हे सांगत नाही. जगण्याचा हक्क परकीयांनाही आहे असे सर्वोच्च न्यायालयाने चकमांच्या खटल्यात १९९६ मध्ये सांगितले, पण त्या हक्कासाठी दरवेळी न्यायालयात जावे लागते. कायदा केला तर लोंढे येतील, अशी भीती घातली जाते. उलट कायदा असेल तरच खरा निर्वासित आणि खोटा दावा करणारा वेगळे काढता येतील, आणि ज्याचा दावा फेटाळला त्याला परत पाठवताना हात कापणार नाहीत.

भार एकट्या गोव्याने उचलावा असेही मी म्हणत नाही. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने (गोमेकॉ) बिगर गोमंतकीय रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला, दोडामार्गात तर आम्हाला गोव्यात घ्या अशी मागणी झाली. बांबोळीच्या इस्पितळाचा खर्च गोव्याचा करदाता भरतो, त्यामुळे शुल्काचा विचार चुकीचा नव्हता. वाट निघाली ती महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून: रुग्ण इथे येईल, पैसे त्याचे राज्य देईल. रुग्णाला दारातून परत पाठवावे लागले नाही आणि गोव्यावर बोजाही पडला नाही. जिथून मजूर येतात त्या राज्यांनी आणि केंद्राने घरे, पाणी, शाळा यांच्या खर्चात वाटा उचलावा, हे गोव्याने ठणकावून मागावे. पुढच्या निवडणुकीत पेडणे आणि डिचोलीत मते मागायला जे येतील, त्यांना मतदारांनी तीन गोष्टी विचाराव्यात: झोन बदलणारी कलमे रद्द करणार का, ठेकेदारांना मजुरांची नोंद करायला भाग पाडणार का, आणि निर्वासितांसाठी कायदा करावा असा ठराव विधानसभेत मांडून दिल्लीला पाठवणार का.