मुदतवाढ कुणाच्या बापाची?

सत्कार करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पोरगं परदेशात शिकायला निघालं की बॅनर लागतो. बॅनरवर सतरा पुढाऱ्यांची सतरा थोबाडं, आणि पोराचा फोटो खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा. सहारला ढोल. हार. पेढे. 'बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल.' विमान उडालं की पुढारी घरी. दोन वर्षांनी त्या पोराच्या कागदाची मुदत कधी संपते, हे त्या सतरांपैकी एकाला तरी ठाऊक असतं काय?

दोस्तहो, मी गोदीत काम करतो. शिक्षण दहावी. परदेश पाहिला तो कंटेनरच्या दारावर रंगवलेला. माझ्याकडे पासपोर्ट आहे, पानं कोरी. माझ्या बापाकडेही होता, पण तो दहावी पास नव्हता. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर सरकार ईसीआर मारतं, आणि आखातासकट १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. मी मॅट्रिक, मला ती लागत नाही. म्हणजे एवढी वर्षं घासून मला काय मिळालं, तर सरकारला न विचारता मस्कतला ओझी उचलायला जाण्याचं स्वातंत्र्य. चला, तेही नसे थोडके.

तर व्हिसावर बोलणारा मी कोण? सांगतो. आमच्या मालगुंडच्या वाडीतली एक पोर, माझी आतेबहीण, अमेरिकेत पीएचडी करतेय. मालगुंड म्हटलं की मास्तरलोकांना केशवसुत आठवतात. गणपतीपुळ्याला आलेले पर्यटक स्मारकात चक्कर मारतात, फोटो काढतात, कोकम पितात, जातात. अंत्यजाच्या मुलाला प्रश्न पडतो अशी एक कविता केशवसुतांनी लिहून ठेवलीय, ही गोष्ट त्यातल्या किती जणांना माहीत असते देव जाणे (देव मी मानत नाही, बोलण्यात येतो). त्या मुलांच्या नातवंडांना आता वेगळे प्रश्न पडतात. त्यातला एक जून २०२५ मध्ये मला फोनवर ऐकू आला.

आजी गेली. पोरीला आजीनेच वाढवलेली. रात्री दोनला फोन. "दादा, मी येऊ का?"

मी म्हटलं, "व्हिसा?"

"पासपोर्टावरचा संपलाय. आय-ट्वेंटी चालू आहे."

मी म्हटलं, "मग येऊ नकोस."

ती आली नाही. जलदान विधी तिने फोनवर पाहिला. कोण तरी फोन धरून उभा होता, रेंज जात-येत होती. आणि वाडीत बोलणं सुरू. "येवडी शिकली, पन आजीच्या मातीला न्हाय आली." काकांनी तर माझ्याशी महिनाभर अबोला धरला, तूच तिला अडवलीस म्हणून. अडवली. पुन्हा वेळ आली तरी तेच सांगेन. का ते वाडीला मी बोलून सांगितलंय, इथे लिहून सांगतो, कारण प्रत्येक वाडीत असा एक काका बसलेला आहे.

गोदीत गेटपास वेगळा आणि हजेरी वेगळी. गेटपास आत शिरण्यापुरता. आत हजेरी लागली की पाळी संपेपर्यंत काम करा, कुणी विचारत नाही. पण गेटपासची वेळ उलटली आणि तुम्ही चहा प्यायला बाहेर पडलात, तर परत आत घ्यायचं की नाही हे गेटवरचा माणूस ठरवणार. अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा असाच. पासपोर्टावरचा व्हिसा फक्त दारातून आत येण्यासाठी. आत राहायचा हक्क विद्यापीठाने दिलेल्या आय-ट्वेंटीवर. तो चालू असला, शिक्षण चालू असलं, तर पासपोर्टावरचा व्हिसा संपला तरी पोर तिथे कायदेशीर. पण देश सोडला की परत जायला नवा व्हिसा, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा बांद्रा-कुर्ला संकुलातली ती रांग. शिवाय आय-ट्वेंटीवर विद्यापीठाची प्रवासाची सही लागते. तीही वर्षभरच चालते.

आणि जून २०२५ चा तो काळ आठवा. २७ मे ला अमेरिकेने जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या व्हिसा-मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं. जूनच्या मध्यानंतर त्या पुन्हा सुरू झाल्या त्या नव्या अटीसह: समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवा, आम्ही वाचणार. आपली पोरं फोनवर काय काय लिहितात ते तुम्हांला-मला माहीत आहे. पुढे सप्टेंबरात मुलाखतीशिवाय व्हिसा नवा करून घ्यायची सोय बहुतेकांसाठी बंद झाली आणि शेजारच्या तिसऱ्या देशात जाऊन व्हिसा काढायची पळवाटही बुजवली. त्याआधी, एप्रिलमध्ये, हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेतून एका फटक्यात काढून टाकल्या होत्या. पोरं कोर्टात गेली तेव्हा त्या परत घातल्या. मार्चमध्ये कोलंबियातल्या एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला, तिला देश सोडावा लागला. कोलंबिया. नाव ओळखीचं आहे ना? तिथल्या विद्यापीठांनीच परदेशी पोरांना लिहून कळवलं होतं: गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका. आता ज्याच्या बापाची फॅक्टरी आहे त्याने हा सल्ला मोडला तर त्याचं एक सेमिस्टर बुडेल. आमच्या पोरीचं अख्खं आयुष्य दारात अडकेल.

इंग्लंडची तऱ्हा निराळी, नियत तीच. तिथे मुदतवाढीचा अर्ज जुनी मुदत संपायच्या आत टाकावा लागतो. आणि अर्जाचा निकाल लागायच्या आत तुम्ही मायदेशी आलात, तर तुम्ही अर्ज मागे घेतला असं धरतात. बाप मेला म्हणून आलात की भाऊ मेला म्हणून, कागद विचारत नाही.

आता बाबासाहेबांकडे येतो. बॅनरवरच्या नव्हे, कागदपत्रांतल्या.

जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. न्यूयॉर्कला गेले, कोलंबियात शिकले. १९१६ मध्ये लंडनला आले, अर्थशास्त्राच्या शाळेत आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. आणि मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याने बोलावून घेतलं. १९१७, महायुद्ध चालू, समुद्रात पाणबुड्या. बाबासाहेब एका बोटीने निघाले, सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीने. ती 'सॅल्सेट' बोट २० जुलैला पाणतीर लागून बुडाली. ऑगस्टमध्ये ते मुंबईला उतरले. बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला तो बुडालेल्या सामानाच्या भरपाईतून. बडोद्यात पुढे काय झालं, शिपाई फायली कशा फेकायचे, पारशाच्या खानावळीतून काठ्या घेऊन कसं काढलं, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

पण एक गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही. लंडन सोडण्याआधी त्यांनी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून परवानगी काढून घेतली होती, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करता येईल. अपमान गिळून, पैसा नसताना, युद्ध चालू असताना हा माणूस आधी मुदतवाढीचा कागद हातात घेतो आणि मग बोटीत बसतो. तो कागद नसता तर? मग सिडनहॅममध्ये प्राध्यापकी, पोटाला चिमटा, शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांचं पाच हजारांचं कर्ज, आणि जुलै १९२०, चार वर्षं भरायच्या आत, परत लंडन. १९२३ मध्ये पुन्हा पैसे संपले. परीक्षकांनी प्रबंध दुरुस्त करायला सांगितला होता, तो मुंबईत बसून दुरुस्त केला आणि पाठवला, आणि तेव्हा डी.एस्सी. मिळाली. इकडे रमाई घर कसं ओढत होती ते वेगळं लिहावं लागेल.

१९१७ मध्ये मुदत बडोद्याच्या हातात होती. आज कुणाच्या हातात आहे? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घ्या. वर्षाला जागा १२५. एवढ्या मोठ्या देशात. पीएचडीला मुदत ४ वर्षं. अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज लागतात. आय-ट्वेंटीची मुदत वाढवायची तर ती संपायच्या आत अर्ज, अभ्यासामुळेच उशीर झाला हे विद्यापीठाला पटवायचं, आणि वर पुढचा खर्च कोण देणार त्याचा पुरावा. शिष्यवृत्ती संपली की पुरावा संपला, पुरावा संपला की मुदत संपली. हे गणित मांडायला पीएचडी लागत नाही, दहावी पुरते.

आणि हे अजून सुरुवात करायला मिळालेल्यांचं. जुलै २०२५ मध्ये या योजनेत १०६ जणांची निवड झाली, त्यातल्या ४० जणांनाच पत्रं दिली गेली. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर. विद्यापीठ थांबत नाही, व्हिसाची तारीख थांबत नाही, आणि साहेब म्हणतात निधी असेल तर. २०२२ मध्ये याच योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी कोलंबियात जातीवर निबंध वाचला. तो विषय घेऊन आज या योजनेच्या खिडकीवर उभे राहिले असते तर खिडकी बंद झाली असती.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने आणखी एक प्रस्ताव मांडला. शिक्षण चालू असेपर्यंत राहा, ही अनेक दशकांची रीत मोडून जास्तीत जास्त चार वर्षं द्यायची. पुढे राहायचं तर विद्यापीठाची सही पुरणार नाही, सरकारच्या दारात उभं राहायचं. तिकडचं चार आणि इकडचं चार असं जुळलं की मधे कोण चिरडणार ते सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते सत्कारवाल्यांना आवडणार नाही. सरकारशी भांडायचंच: ज्याची पीएचडी पाचव्या वर्षात गेली त्याला पाचव्या वर्षाचे पैसे द्या आणि ते देणार असल्याचं पत्र मुदतीआधी सहा महिने द्या. विमानाचं जायचं एक भाडं, यायचं एक भाडं, एवढ्यावर पोरगं चार वर्षं परदेशात राहतं. मधे घरात मयत झालं तर? त्या तिकिटाचीही तरतूद करा. यासाठी मोर्चा निघाला तर मी पाळी सोडून येईन, खाडा लागला तरी.

पण मोर्च्याआधी आपल्या घरचं बघा. आपल्या किती पोरी-पोरं बाहेर आहेत, कुणाचा पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी, आय-ट्वेंटी कधी, शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता कधी, याची एक वही तरी आहे कुठल्या शाखेत? गोदीतला मुकादम कुठल्या बोटीला किती दिवस राहिले ते तोंडपाठ सांगतो. आपल्या पुढाऱ्यांना फक्त १४ एप्रिल पाठ.

मालगुंडच्या वाडीत बैठक घेतली. म्हटलं, यंदा १४ एप्रिलला डीजे नको. ते पैसे बाजूला ठेवू. तिची मुदत संपायला आली आणि हप्ता अडकला तर निदान एका महिन्याचं भाडं, किंवा व्हिसाची तारीख मिळाली तर एक तिकीट. दोघे उठून गेले. एक म्हणाला, "डीजे नसेल तर जयंती कसली?" काका मात्र उठले नाहीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तो कागद, काय म्हनतोस त्याला, तो कदी संपतो?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली. वर्गणीचा आकडा अजून ठरायचाय.