'राजा'ला यमक 'माझा' नव्हे

भाद्रपदात लालबाग-परळच्या गल्ल्यांतून जी नवी गाणी कानांवर आदळतात, त्यांतल्या कितीतरी गाण्यांची भिस्त एकाच जोडीवर असते : राजा–माझा. लालबागच्या मंडळाची स्थापना १९३४ची. पुढे 'राजा' हे बिरुद इतके रूढ झाले की गल्लोगल्ली राजे झाले आणि गीतकारांना त्यांना ओळीच्या शेवटी बसवणे भागच पडले. खुशाल बसवावे, पण यमक जुळवून. हे यमक जुळत नाही, असे आमचे ठाम म्हणणे आहे.

मराठीत ज आणि झ यांचे उच्चार दोन-दोन आहेत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षरे तीच, ध्वनी निराळे. 'राजा'तला ज तालव्य आहे, 'माझा'तला झ दंततालव्य. 'ताजा', 'दरवाजा', 'आजा' हेही 'माझा'च्याच पंगतीतले. लिपी हा भेद दाखवीत नाही. म्हणून कागदावर खपून जाणारे यमक कानाला खटकते.

मग गायक काय करतो? 'माझा'चा उच्चार हिंदी वळणाने करून वेळ मारून नेतो. आमचा आक्षेप इथे केवळ छंदशास्त्रापुरता उरत नाही. गिरगाव-दादरची पुष्कळ मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. हा भेद त्यांना पुस्तकात दिसणार नाही, कारण तो पुस्तकात लिहिलाच जात नाही. तो एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो केवळ कानांवाटे. आणि दहा दिवस ध्वनिवर्धकावरून आपण नेमकी तीच वाट बुजवतो.

'उत्सवाच्या गाण्यात एवढे कोण पाहतो?' असे विचारले जाईल. ज्या गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक गाजले, तिथल्या श्रोत्यांविषयी असे बोलणे उद्धटपणाचे आहे. कामगारांनी ती कवने वाचली नाहीत, ऐकली. निरक्षर माणसालाही यमक कळते. किंबहुना त्यालाच आधी कळते, कारण लिपी त्याला फसवू शकत नाही.

'पण राजाला दुसरे यमक आहेच कुठे?' खरेच, फारसे नाही. लग्नहोमातल्या 'लाजा' गाण्यात कितीदा आणणार? पूजा, ध्वजा, प्रजा यांत ज जुळतो, पण त्याआधीचा स्वर जुळत नाही. तथापि यावरचा तोडगा मराठीजवळ केव्हाचा आहे. तिच्याजवळ 'राया' आहे : पंढरीराया, गणराया, लावणीतला राया. त्याच्यासमोर माया, काया, छाया, पाया, वाया अशी रांगच उभी राहते. तेही नको असेल तर 'राजा' ओळीच्या मध्ये ठेवावा. प्रत्येक शब्दाने शेवटीच उभे राहावे, असा काही दंडक नाही.

मंडपाच्या कमानीवर 'राजा' अवश्य राहू द्या. गाण्यात तो 'राया' होऊन आला म्हणून त्याचे राज्य जाणार नाही. 'माझा' या शब्दाचे मराठीपण मात्र शाबूत राहील.